बनुबाई राहते कुठं?

सरकारने मला पोरं शिकवायला नेमलंय, असा माझ्या आईचा शेवटपर्यंत समज होता. मी तो कधी मोडला नाही. खरं तर नोकरीत मी माणसं मोजली, जनावरं मोजली, विहिरी मोजल्या, कुटुंबकल्याणाच्या केसेस शोधत उन्हातान्हात फिरलो आणि उरल्यासुरल्या वेळात बाराखडी घेतली. पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मतदार याद्यांचं काम गळ्यात पडलं, तेव्हा हा दुष्काळातला तेरावा महिना कशाला, असं मी मुख्याध्यापकांना तोंडावर विचारलं होतं. त्यांनी माझ्या हातात गेरूचा डबा दिला.

आमची शाळा देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, कालव्याकाठच्या एका लहान गावात. चारी बाजूंना ऊस, आणि घरं वस्त्यावस्त्यांवर विखुरलेली. शाळा सुटली की मी जुनी यादी आणि कोरे फॉर्म बगलेत मारून निघायचो. कुत्र्यांना हाकलत एकेका दारात उभं राहायचं, चौकटीवर गेरूने घराचा नंबर घालायचा आणि विचारायचं, “घरात अठरा वर्षांवरचं कोण कोण?” बाई घरात असली तर आतूनच उत्तर यायचं, “मालक न्हाईत घरी, सांजच्याला या.” मी म्हणायचो, “मालकांचं राहू द्या, तुमचं तर सांगा.” तेही सांगायच्या नाहीत. मग सांजच्याला पुन्हा चक्कर.

नियम मला पाठ होते. प्रशिक्षणाला बसवून आमच्याकडून ते पाढ्यांसारखे म्हणून घेतले होते. एक जानेवारीला अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत, माणूस भारताचा नागरिक पाहिजे, त्या जागचा नेहमीचा रहिवासी पाहिजे, आणि नाव एकाच ठिकाणी पाहिजे. नाव सांगायला घरातला बाप्याच लागतो, असं त्यात कुठं नव्हतं. पण गावाने तो नियम आपल्या पदरचा घातला होता आणि खुद्द आम्ही गुरुजी लोकही तोच पाळत होतो, कारण त्यात काम लवकर उरकायचं.

काकासाहेबांच्या वस्तीवर मी गेलो तेव्हा ते नुकतेच उसाला पाणी देऊन आले होते. बरा माणूस. कालव्याचं पाणी, गोठ्यात संकरित गाया, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पाय धुऊन ते माझ्यासमोर बसले आणि सांगू लागले, “मी धरा, काकासाहेब रंगनाथ. मंडळी, छबूबाई. आन गुरुजी, आमची वृषाली बसती का बगा. दसऱ्याला अठरा झाली.”

“बसते की. एक जानेवारीच्या आत झाली म्हणजे बसली.”

त्यांना बरं वाटलं. वृषालीचं लग्न जमवायचं चाललं होतं आणि येत्या उन्हाळ्यात ती उजवली जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी नाव घातलं. तेवढ्यात एका बाईने मला पाण्याचा तांब्या आणि चहा आणून दिला. हाताला कोपरापर्यंत वैरणीचा भुसा, पदर कमरेला खोचलेला. ती गोठ्याकडे परत निघाली तशी मी विचारलं, “आणि बनुबाईंचं?”

काकासाहेब फॉर्मकडे बघत म्हणाले, “आक्काचं तिकडं आसंल की. नेवाश्याकडं, तिच्या सासरी.”

बनुबाई चालता चालता थांबली नाही. पण तिने ऐकलं, एवढं मला कळलं.

ही बनुबाई काकासाहेबांची थोरली बहीण. हिला लग्न करून नेवाश्याच्या बाजूला दिली होती. नवऱ्याने दोन वर्षांत दुसरी बाई घरात आणली आणि हिला पोळ्याला म्हणून माहेरी पाठवलं, ते न्यायला कुणी आलंच नाही. बाप दोनदा जाऊन पाया पडून आला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला दारातच उभा केला. मग बाप गेला, आई गेली, काकासाहेबांचं लग्न झालं, वृषाली झाली. छबूबाईला बाळंतपणात लई सोसावं लागलं, म्हणून पोरीला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं बनुबाईने केलं. पंचवीस वर्षं होत आली. पहाटे उठून धारा काढणं, शेण, वैरण, कुट्टी, मग खुरपणी, परत धारा. गाया दुसऱ्या कुणाला धड पान्हा सोडत नसत. बाहेरून कुणी पाहुणा आला आणि “या कोण?” म्हणाला, तर घरातली माणसं सांगायची, “आत्या हायेत. आल्यात चार दिस.”

दुसऱ्या दिवशी ती मला कालव्याच्या भरावावर गाठायला आली. डोक्यावर घासाचा भारा होता. तो तिने खाली उतरवला नाही.

“गुरुजी, तिकडं माझं नाव न्हाई,” ती म्हणाली. “त्यांनी कवाच काढलं. इथं ऱ्हात न्हाई म्हनून सांगितलं त्यांनी. खरंच हाय ना, न्हाई ऱ्हात.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मागच्या साली फोटू काढायला आल्ते न्हाई का शाळंत?”

मला आठवलं. ओळखपत्रांचे फोटो काढायला माणसं आली होती आणि शाळेचं पटांगण भरलं होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. बनुबाईही डोक्याला तेल लावून रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा यादी बघणाऱ्याने बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाला, “बाई, तुमचं नाव नाही. पुढचा.” मागच्या बायका हसल्या. वाईट म्हणून नाही, आपल्या सहजच. तेव्हा तिने माहेरपणाला आलेल्या एका नेवाश्याच्या बाईकडून तिकडच्या यादीचीही चौकशी करवली. तिथेही नाव नव्हतं.

“मतदानाच्या दिशी सगळी जात्यात,” ती सांगत होती, “मी गायांपशी. ते एक ऱ्हाऊ द्या. मत न्हाई दिलं तर काय घास अडतो व्हय? पन तिकडं न्हाई, इथंबी न्हाई, मंग मी हाय कुठं, गुरुजी? मेल्यावर तरी कोन म्हनंल का, ही हितं हुती म्हनून?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं. ती फक्त दमली होती आणि भाऱ्याखाली मान ताठ धरून उभी होती. मी तिला सांगितलं की नाव लावायला भावाच्या परवानगीची गरज नाही. सहा नंबरचा फॉर्म भरायचा, आपण स्वतः सही किंवा अंगठा करायचा, दुसरीकडे नाव नाही असं लिहून द्यायचं. नेमकी कुठं राहते तेवढं खरं पाहिजे.

“तेवढंच व्हय?” ती म्हणाली.

तेवढंच. सरकारी कागदावर सगळं तेवढंच असतं. फॉर्म मी शाळेच्या पायरीवर बसून भरला. वयाचा दाखला आमच्याच शाळेच्या जुन्या रजिस्टरातून निघाला. दुसरीत असताना तिला शाळेतून काढली होती. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, अशा रकान्यापाशी मी थांबलो. ती म्हणाली, “बाचं लावा. त्यो दोनदा गेल्ता माझ्यासाठी.” मी रंगनाथ लिहिलं. तिने अंगठ्याऐवजी सही केली. तिला बराच वेळ लागला आणि मी घाई केली नाही.

फॉर्म तहसीलला गेला की गावात चौकशी होते. त्याप्रमाणे तलाठी आठवडाभराने काकासाहेबांच्या ओट्यावर आले. मी त्यांच्याबरोबर होतो. बनुबाई गोठ्यात होती, हाकेच्या अंतरावर.

“ही बाई इथं कायम राहते का?” तलाठ्यांनी विचारलं.

काकासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आतून छबूबाई दाराआड येऊन उभी राहिली. मग ते म्हणाले, “न्हाई तसं कायम न्हाई. पाव्हनी हाय.”

“किती दिवसांची?”

“आता... हाय.”

तलाठ्यांनी तेच लिहून घेतलं. त्यांचं काय चुकलं? समोरच्याने सांगितलं ते लिहायचं, हेच त्यांचं काम. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. ज्या पोरीला चार महिन्यांत सासरी जायचंय तिचं नाव या घरात, आणि जिच्या हाताखेरीज या घरात दुधाचा थेंब निघत नाही ती पाहुणी. मी तोंड उघडणार होतो. पण गोठ्यातून धारेचा आवाज येत होता तो थांबला आणि परत सुरू झाला नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला येताना मी पाहिलं तर बनुबाई ओट्यावर बसलेली. आंघोळ केलेली, धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. थंडीचं कोवळं ऊन अंगावर घेत पाय सोडून बसली होती. गोठ्यात गाया हंबरत होत्या. छबूबाई बादली घेऊन एका गायीपासून दुसरीकडे धावत होती आणि गाया लाथा झाडत होत्या.

“वन्सं, या की,” छबूबाई ओरडली. “डेअरीचा टेम्पो जाईल.”

“पाव्हनी कुठं धारा काढती व्हय, छबू?” बनुबाई म्हणाली. जागची हलली नाही.

गावाला ही मोठीच करमणूक झाली. पाणी भरायला जाणाऱ्या बायका मुद्दाम त्या वस्तीवरून जाऊ लागल्या. “काय बनुबाई, किती दिस मुक्काम?” असं एखादी विचारायची, आणि ती म्हणायची, “बगू, लावत्यात कवा वाटंला.” म्हातारे म्हणाले, लेक परक्याचं धन, ती माहेरी बसली की असंच व्हायचं. पारावर कुणीतरी उठवलं की गुरुजींनी यादीत नाव घातलं म्हणजे उद्या सातबाऱ्यावर नाव लागणार आणि जमिनीत वाटा निघणार. मी चारचौघांत सांगितलं की बाबांनो, मतदार यादीचा आणि सातबाऱ्याचा काडीचा संबंध नाही. वाट्याचं कोर्ट वेगळं, याचं ऑफिस वेगळं. कुणी ऐकून घेतलं नाही. खरं नेहमी असंच नीरस असतं.

संध्याकाळी मी तिच्यापाशी टेकलो. मला वाटलं होतं ती खुशीत असेल. गंमत केली म्हणून मी हसलोसुद्धा. ती हसली नाही.

“छबूनं मला कपबशीत च्या दिला, गुरुजी,” ती म्हणाली. “आमच्यात पाव्हन्यालाच कपबशी. मी रोज पितळीतनं पिते. त्यो च्या माझ्या घशाखाली उतरंना.”

मी बगलेतली यादी खाली ठेवली.

“आन दुसरं येक. बसल्याशिवाय कळत न्हाई. मी बसले आन कळलं, मी किती दमलेय. पाय असं ठनकत्यात बसल्या जागी. मला वाटलं हुतं, त्यांना दावीन मी न्हाई तर कसं हुतंय ते. आता वाटतं, कुनाला काय दावायचं? नुसतं बसूनच ऱ्हावं. कुनी उठवूच नये.”

छबूबाई आत भाकरी थापत होती. तिच्या हातांना धारांची सवय नव्हती; बोटं सुजली होती आणि मधूनच ती हात झटकत होती. तिचाही मला राग येईना. त्या घरात बसून होतं असं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच एकीचं बसणं सगळ्यांच्या अंगावर आलं होतं.

काकासाहेब शाळेत आले ते मधल्या सुट्टीत. वर्गाच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. सुनावणीची नोटीस आली होती. बनुबाईचा अर्ज, तलाठ्यांचा अहवाल उलट, तर दोन्ही बाजूंनी राहुरीला हजर राहावं.

“गुरुजी, आमच्या घरात काडी लावली तुमी,” ते म्हणाले.

“काडी मी नाही लावली. तुम्हाला विचारलं होतं, घरात कोण कोण राहतं. तुम्ही गायाही मोजून सांगितल्या असत्या, बहीण विसरलात.”

मी जास्तच बोललो, पण माघार घेतली नाही. ते खाली बाकावर बसले. मुलांच्या बाकावर त्यांचे गुडघे छातीशी आले.

“वृषालीला बगायला येत्यात,” ते म्हणाले. “विचारत्यात, आत्या का ऱ्हाती हितं? टाकलीली हाय का? लोकांस्नी काय सांगू?”

“यादीतून नाव लपेल, काकासाहेब. बाई लपेल का? ती अख्ख्या गावाला दिसते.”

 मग जे बोलले ते माझ्याकडे न बघता.

“बा मरताना म्हनला, आक्काला तिच्या घरी लावून दे. मी हात दिला हुता. नाव हितं लावलं म्हंजी मीच म्हनलो ना, की ती आता जायची न्हाई. म्हंजी बाचं काम मला जमलं न्हाई. आजवर पाव्हनी म्हनतोय तवर वाटतं, आजून हुईल.”

इतकी वर्षं हा माणूस ‘पाव्हनी’ म्हणत होता तो लाजेने तर म्हणत होताच, पण आशेनेही म्हणत होता. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा राग उतरला, कीवही वाटली. तरी मी म्हणालो, “तुमच्या आशेचा भार ती उचलतेय. तिला विचारलंत का कधी, तिला जायचंय का?”

ते उठले.  घंटा झाली आणि पोरं आत आली.

सुनावणीला आम्ही तिघं एकाच एस.टी.ने गेलो. यादी मी केलेली, म्हणून मलाही हजर राहायचं होतं. बनुबाई खिडकीशी, काकासाहेब तिच्यापासून दोन बाकं मागं. राहुरीच्या तहसीलमध्ये व्हरांड्यात बसवून ठेवलं. आमच्या आधी पुष्कळ माणसं होती. कुणाचं वय बसत नव्हतं, कुणाचं नाव दोन गावांत होतं, एका जिवंत म्हाताऱ्याला मयत दाखवलं होतं आणि तो प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होता. दुपार टळून गेली. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे मिटत होते.

नायब तहसीलदार तरुण होते. सकाळपासून हेच ऐकून तेही कंटाळले होते. कागद चाळून त्यांनी बनुबाईला विचारलं, “तुम्ही म्हणता इथंच राहता. तलाठी म्हणतात पाहुण्या आहात. नक्की काय?”

बनुबाई म्हणाली, “सायब, माझं मी लिहून दिलंय. आता त्याला विचारा. मला लई बोलवत न्हाई.”

त्यांनी काकासाहेबांकडे पाहिलं. “तुम्ही घरचे कर्ते ना? ही बाई तुमच्याकडं किती दिवस राहते?”

काकासाहेबांनी टोपी हातात घेतली. मला वाटलं, आता हा पुन्हा तेच म्हणणार. ते टोपीची घडी करत राहिले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि प्रश्न परत विचारला.

“जलमल्यापास्नं,” काकासाहेब म्हणाले. “मधी दोन वरसं तेवढी पाव्हनी गेल्ती.”

“कुठं?”

“सासरी.”

साहेबांना ते नीटसं कळलं नसावं. “मधलं राहू द्या,” ते म्हणाले. “सध्या इथंच राहतात ना? आणि पुढंही?”

“व्हय. हितंच ऱ्हाईल.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात, बहिणीकडे न बघता ते म्हणाले, “बाला काय सांगायचं ते मी सांगीन.”

नायब तहसीलदारांनी ‘नेहमीची रहिवासी, अर्ज मंजूर’ असा शेरा मारून सही केली आणि पुढच्याला बोलावलं. मिनिटभरही लागलं नाही.  बनुबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीचा आधार घेत बाहेर आली. व्हरांड्यातल्या माठातलं पाणी काकासाहेबांनी पेल्यात घेतलं आणि आधी तिला दिलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. या वेळी काकासाहेब तिच्या शेजारी बसले. गाडी हलली आणि काही वेळातच बनुबाईला झोप लागली. डोकं भावाच्या खांद्यावर आलं, तोंड उघडं राहिलं. कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमुळे एस.टी. थांबत थांबत चालली होती तरी ती जागी झाली नाही. मला तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदाच नीट बघता आला. दाखल्यावर पंचेचाळीसची असलेली बाई साठीची वाटत होती.

आमचा फाटा आला. कंडक्टरने दोरी ओढली. मी तिला उठवायला हात पुढे केला, तर काकासाहेबांनी तो धरला.

“झोपू द्या तिला,” ते म्हणाले. “फुडच्या फाट्यावर उतरू. येऊ चालत.”

“अहो, धारांची वेळ झाली.”

“मी काढीन,” ते म्हणाले. “मला शिकवलं हुतं तिनं, ल्हान हुतो तवा.”